बिननावाची बॅग

कोपरात अडकवायची, असं व्हिडिओत सांगितलं होतं. पण कुठल्या कोपरात? डाव्या कोपरात अडकवली की पदर तिच्यावर येऊन पडतो आणि बॅग दिसतच नाही, मग एवढ्या देखण्या वस्तूचा उपयोग काय? उजव्या कोपरात अडकवली की हळदीकुंकू घ्यायला, नमस्कार करायला, सही करायला, नाक पुसायला सगळीकडं तोच हात लागतो. ताडकळसच्या आमच्या घरात, कपाटाच्या आरशासमोर, दाराला आतून कडी लावून मी अर्धा तास हे करत होते. पन्नाशीला टेकलेली अंगणवाडीची बाई मी. डावा हात कुठला आणि उजवा कुठला हे गावच्या निम्म्या पोरांना मी शिकवलंय.

बॅग मरून रंगाची होती. पत्र्याच्या पेटीसारखी ताठ, वरून खाली येणारं झाकण, झाकणाला सोनेरी खिटी. खिटी फिरवली की टक् करून उघडायची. वर आखूड हँडल, तेही इतकं आखूड की खांद्यापर्यंत चढायचंच नाही, दंडातच अडकायचं. ठेवली तिथं पाय रोवून उभी राहायची, आमच्या बाजाराच्या पिशव्यांसारखी अंग टाकून द्यायची नाही. मला ती पाहताक्षणी आवडली आणि पाहताक्षणीच तिची भीती वाटली.

पाठवली होती आमच्या पुतणीनं, म्हणजे माझ्या धाकट्या दिराच्या मुलीनं. ती पुण्यात एका मोठ्या दुकानात बॅगा विकते. पार्सलच्या आदल्या दिवशी घरच्या ग्रुपवर तिचा व्हिडिओ आला होता. त्यात ती तशीच एक बॅग घेऊन आरशासमोर उभी. ही फॅशन जुनी होत नाही म्हणे, एकीनं घेतली तर तिच्या मागची पिढीही वापरते. घ्यायच्या तीन पद्धती: हातात धरून, कोपरात अडकवून, नाहीतर लांब पट्टा लावून खांद्यावरून आडवी. साडीवर शक्यतो कोपरात. बॅग कमरेच्या वरच राहू द्यायची, हात अंगाशी ठेवायचा, हेलकावे खाऊ द्यायचे नाहीत. सगळं सांगितलं. कुणासाठी पाठवली तेवढं सांगितलं नाही.

पार्सलवरही नाव नव्हतं. आमचं आडनाव, खाली 'अंगणवाडीजवळ, ताडकळस', त्याखाली दिराचा मोबाइल नंबर. पत्ता माझा, नंबर त्यांचा. दोन्ही घरांचं अंगण एकच, त्यामुळं पत्त्यावरूनही काही सिद्ध होत नव्हतं. आमच्या अख्ख्या गल्लीची पार्सलं अंगणवाडीतच येऊन पडतात, कारण कुरियरवाल्याला तेवढीच एक खूण ठाऊक आहे.

आता मला त्याचं इतकं का लागावं, ते सांगायला हवं. ही पोर पाच वर्षांची असल्यापासून दहावी होईपर्यंत दर हिवाळ्यात माझ्याकडं होती. दीर आणि जाऊ ऊसतोडीला जायचे, अजूनही जातात. दिवाळी झाली की टोळीचा ट्रॅक्टर मारुतीच्या देवळापुढं उभा राहायचा. जाऊ पोरीच्या कपड्यांचं बोचकं माझ्या ओसरीवर ठेवायची आणि म्हणायची, "सहा म्हैने तुमच्यापशी ऱ्हाऊ द्या, अक्का." मी म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. शाळा बुडायची न्हाई." एवढ्यात ठरायचं. मग सहा महिने तिच्या वेण्या, तिच्या उवा, तिचे पाढे, तिचं गालगुंड, सगळं माझं. उन्हाळ्यात ट्रॅक्टर परत आला की पोर अंगण ओलांडून पलीकडं जायची आणि चार-चार दिवस माझ्या ओसरीवर पाय ठेवायची नाही. मला ते लागायचं. मी कुणाला बोलले नाही, पण त्या चार दिवसांत माझ्या हातची भाजी खारट व्हायची, असं आमचे मालक सांगतात.

माझी स्वतःची दोन पोरं आहेत. दोघंही कमावतात. आजवर आईला टिकलीचं पाकीट आणलेलं नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच होता. बॅग माझी असेल तर त्या दहा हिवाळ्यांची कुणीतरी आठवण ठेवली. जावेची असेल तर काय, ती आईच आहे, तिची असणारच. हे मला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. पण बॅग कुणाची असं विचारणारी बाई हावरी दिसते, आणि उत्तर नको ते आलं तर ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी पार्सल उघडलं, अर्धा तास आरशासमोर नाचले आणि मग शहाण्यासारखं सगळं परत खोक्यात घालून जावेला हाक मारली. "बघ गं, काय आलंय." जणू मी पाहिलंच नव्हतं.

जाऊ आली. हात पदराला पुसले, बॅग उचलली, खिटी फिरवली. तीही बोलली नाही की ही माझी, आणि तुमची का असंही विचारलं नाही. तिनं आत बघितलं. आत पांढऱ्या पातळ कागदाचे गोळे गच्च भरलेले.

मी कागद काढायला हात घातला तर तिनं माझं मनगट धरलं. "नका काढू अक्का. त्याच्यावर तर उभी हाय ती. काढला की बसंल."

मला ते लगेच पटलं. आमच्याकडं नव्या वस्तूचं वेष्टण काढायची रीतच नाही. गल्लीतल्या नव्या ट्रॅक्टरच्या सीटवरचं प्लास्टिक आपण होऊन फाटेपर्यंत तसंच असतं. आमच्या फ्रिजच्या दारावर अजून कंपनीचा कागद आहे. तेव्हा आत ज्यानं कोणी कागद भरला त्यानं विचार करूनच भरला असणार. आम्ही झाकण लावलं. व्हिडिओतला लांब पट्टा मात्र खोक्यात कुठं सापडला नाही. खोकं उलटं करून झटकलं. पट्टा वाटेत कुणीतरी काढून घेतला असं मी ठामपणे जाहीर केलं आणि पुढचा आठवडाभर कुरियरवाल्याकडं बघून नाक मुरडलं.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. आम्ही दोघी अंगणात, फोन स्पीकरवर. "भेटली का? आवडली का?" दोघी एकदम म्हणालो, "लय भारी हाय." मग दोघी एकदम पदर सावरायला लागलो. ती म्हणाली, "कपाटात ठिवू नका बरं, वापरायसाठी दिलीय," आणि दुकानातलं कुणीतरी आलं म्हणून तिनं फोन ठेवला.

ठेवायची कुठं हाही घोळच होता. लोखंडी कपाट फक्त माझ्याकडं. म्हणून बॅग माझ्या कपाटात राहिली आणि कपाटाची किल्ली मी जावेच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच केलं. त्यानंतर मला साडी काढायची झाली तरी अंगण ओलांडून किल्ली आणावी लागायची. ती किल्ली द्यायची आणि मी काय काढते ते बघायला मागोमाग यायची.

झरीला आमच्या नात्यातलं लग्न होतं, तेव्हा बॅग पहिल्यांदा बाहेर पडली. मी घेतली. मोठी मी, पहिला मान माझा, असा मी माझ्याशीच हिशेब मांडला होता. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे उजव्या कोपरात, कमरेच्या वर, हात अंगाशी. दुखऱ्या हाताला झोळी बांधल्यासारखी मी मांडवभर फिरले. बायका बघत होत्या. एकीनं विचारलं, "पिन हाय का बॅगीत?" नव्हती. दुसरीनं विचारलं, "जरा आडकित्ता हाय का?" तोही नव्हता. बॅगेत कागद होता. आहेराचं पाकीट मी नेहमीप्रमाणे पोलक्यातून काढलं आणि मोबाइल कमरेच्या पिशवीतून. माझी चुलत नणंद म्हणाली, "मंग ह्या पेटीत काय, साप हाय का?" बायका अशा हसल्या की अक्षता टाकायच्या राहिल्या.

मग ओटी भरायला बोलावलं. ओटी घ्यायची म्हणजे दोन्ही हातांनी पदर पसरायला पाहिजे. नारळ पडला, तांदूळ पडले, आणि बॅग कोपरातून मनगटावर, मनगटावरून खाली. ती जमिनीवर आपटायच्या आत जावेनं झेलली. झेलून आपल्या कोपरात अडकवली. डाव्या कोपरात, पदराखाली, कुणाला दिसणार नाही अशी. जेवणं झाली, गाडी भरली, आम्ही ताडकळसला उतरलो, तरी ती तिच्याच कोपरात होती. तिनं परत दिली नाही, मी मागितली नाही. वाटभर आम्ही आचाऱ्यानं वरणात मीठ कसं कमी टाकलं यावर बोललो.

त्यानंतर पाळीच लागली. एक बाजार तिचा, एक माझा. कुणी ठरवलं नव्हतं. आणि दर वेळी बॅग हातात आली की मला वाटायचं ही माझीच आहे, आणि तिच्या कोपरात दिसली की वाटायचं ही तिचीच आहे. काहीच धड कळत नसलेलं असं माणूस मी माझ्याशिवाय पाहिलेलं नाही.

पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो तेव्हा तर कहरच झाला. पाळी माझी होती. हार घेताना फुलवाली म्हणाली, "बाई, कातड्याची असंल तर आत नेऊ नका." कातड्याची होती का? मला ठाऊक नव्हतं. मी हुंगली. जावेनं हुंगली. फुलवालीनंही हुंगली आणि म्हणाली, "वास तर लागायलाय." जाऊ म्हणाली, "रेगझिनचा बी असाच वास असतोय." मग फुलवालीच्या शेजारणीनं नखानं खरवडून बघितलं, तिला मी हात झटकून बाजूला केलं. पोरीला फोन करावा तर पुन्हा तेच भ्या. एकदा बॅगेविषयी विचारायला लागलं की सगळंच विचारावं लागलं असतं. शेवटी एकीनं बाहेर थांबायचं ठरलं.

जाऊ आधी आत गेली. मी पारावर बॅग मांडीवर घेऊन बसले आणि मला इतकं बरं वाटलं की देवाची आठवणही झाली नाही. मग ती आली, मी आत गेले. रांगेत माझं लक्ष सगळं मागं. देवापुढं उभी राहिले आणि काय मागायचं ते विसरून नुसते हात जोडून बाहेर आले. बघते तर जाऊ उन्हाकडं पाठ करून बसलेली. बॅग मांडीवर आणि बॅगेवर तिचा पदर पसरलेला. लेकराला ऊन लागू नये म्हणून टाकतात तसा. मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच राग आला. दहा हिवाळे त्या लेकराच्या डोक्यावर पदर मी धरला होता. मी म्हणाले, "आण इकडं, माझी पाळी हाय." ती म्हणाली, "घ्या की अक्का. मी कुठं खायलेय तिला?" बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो.

दिवाळी आली. पोरीला दुकानातून सुट्टी मिळाली नाही. सणाच्या दिवसांत तर बॅगा खपतात, म्हणाली. भाऊबीज झाल्यावर तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर देवळापुढं येऊन उभा राहिला. ट्रॉलीत टोळीतल्या लोकांची भांडी, पत्रे, सरपण, वर माणसं. जाऊ निघाली होती. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवलेला, पदर कमरेला घट्ट खोचलेला. त्या आठवड्यात पाळी तिची, म्हणून बॅग तिच्याकडं होती. ती अंगण ओलांडून आली, बॅग माझ्या ओसरीवर ठेवली आणि म्हणाली, "सहा म्हैने तुमच्यापशी ऱ्हाऊ द्या, अक्का."

वाक्य तेच होतं. आवाजही तोच. ठेवून लगेच पाठ फिरवायची तिची सवयही तीच. मी इतकी वर्षं समजत होते की तिला पोर ठेवून जाताना फारसं काही वाटत नाही, म्हणून ती मागं वळून बघत नाही. ती वळून का बघत नव्हती ते मला त्या दिवशी एका बॅगेपायी कळलं, आणि लाज वाटली.

मोठ्या मनानं मी बॅग देऊन टाकली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. एवढंच, की या वेळी मला ठेवून घेववेना. मी म्हणाले, "घिऊन जा."

"कुठं? फडात? कोपीच्या खोपटात काय करू हिला? पाचटात ठिवू?"

"तुझं आधार कार्ड, गोळ्या, फणी, चार्जर, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबतीस. ह्यात घाल."

"ह्यात कागद हाय."

"कागद गेला चुलीत," मी म्हणाले आणि झाकण उघडून गोळे ओढायला लागले. एक, दोन, चार, सात. जाऊ तोंडाला पदर लावून बघत होती, आता बसते की मग बसते. बॅग बसली नाही. पाय रोवून उभी ती उभीच. आणि तळाशी, शेवटच्या गोळ्याखाली, वेटोळं करून ठेवलेला लांब पट्टा होता. दोन्ही टोकांना सोनेरी कड्या.

आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. कुरियरवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. तोंडावर मागायची अजून राहिलीय.

पट्टा अडकवला. जावेनं डोकं घालून तो शर्टावरून आडवा घेतला, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेवर. पदर खोचलेला होता, त्यामुळं बॅग झाकायला पदरच नव्हता. दोन्ही हात मोकळे. तिनं ट्रॉलीची कडी धरली, चाकावर पाय दिला आणि वर चढली. बॅग कमरेला चिकटून तिच्याबरोबर वर गेली. महिनोन् महिने आम्ही कोपर बदलत बसलो होतो, आणि ती घ्यायची खरी पद्धत मला ऊस तोडायला निघालेल्या बाईच्या अंगावर दिसली. या वेळी तिनं मागं वळून बघितलं. मी हात केला.

आठ-दहा दिवसांनी, अंगणवाडीत खिचडी वाटून झाली होती तेव्हा पोरीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "बॅग कशी हाय?"

"तुझ्या मायपशी हाय. तिकडं घिऊन गेली. पट्टा लावून, आडवी."

"फडात?" ती खूप हसली. मग हसायची थांबली.

मी म्हटलं, आता बॅग हातातून गेलीच आहे, तर विचारून टाकावं. आता हावरेपणाचा आळ यायचा नाही. "एक सांग. पाठवली कुणासाठी व्हतीस?"

"मोठी माय, खरं सांगू? पार्सलावर नाव लिवायला गेले अन् हातच चालंना. लय येळ उभी व्हते. मागं लाईन लागली. मंग नुसतं आडनाव लिवलं. म्हणलं, तुमी दोघी ठरवा. तवा बी तुमीच ठरवत व्हत्या."

"तवा म्हंजी कवा?"

"दिवाळीनंतर. वसरीवर. ती म्हनायची ऱ्हाऊ द्या, तू म्हनायचीस ऱ्हाऊ दे. मी तितंच उभी असायची ना, बोचक्यापशी. मला कुनी इचारलं न्हाई."

तुझ्या शाळेसाठी, असं माझ्या जिभेवर आलं होतं. ते खरंही होतं. पण मला आठवून बघायचं होतं की त्या दहा वर्षांत एकदा तरी मी त्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं होतं का, आणि मला फक्त जावेची पाठ आठवत होती आणि बोचकं. पोरं ताटल्या वाजवत होती, मी त्यांना गप्प केलं नाही.

"मंग तुला कुठं ऱ्हायचं व्हतं?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी.

"ट्रॅक्टर गेला की तू नको वाटायचीस," ती म्हणाली. "अन् ट्रॅक्टर माघारी आला की माय नको वाटायची. आता तूच सांग, कुनाचं नाव लिवायचं व्हतं मी?"

तिकडं तिला कुणीतरी गिऱ्हाईक आल्याची हाक मारली. तिनं फोन ठेवला नाही, माझ्या उत्तराची वाट बघत राहिली. मी ताटल्यांच्या आवाजातून दाराबाहेर आले आणि म्हणाले, "आता तू बोल, मी ऐकायलेय."